केळीतले 'रेडिएशन' आणि पोटॅशची गोणी



गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट. रावेर तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या पारावर बैठक होती. विषय नेहमीचाच, मृगबागेला खताचे हप्ते कधी आणि किती द्यायचे. नत्र झाले, स्फुरद झाले, पालाशावर आलो, तोच मागे उभ्या असलेल्या बारावीतल्या एका पोराने मोबाईल पुढे केला. "साहेब, पोटॅशमध्ये रेडिएशन असतं का हो?"

मोबाईलवर एक चित्रफीत होती. लाल पोटॅशची गोणी, तिच्यावर धरलेला हाताएवढा मीटर, आणि तो मीटर टिक्-टिक्-टिक् वाजतोय. खाली अक्षरे होती, की हे विष केळीत जाते आणि केळीतून तुमच्या लेकरांच्या पोटात.

मी काय उत्तर दिले ते कबूल करतो. "असल्या अफवांवर विश्वास ठेवू नका, सगळं खोटं असतं," असे म्हणून मी पुढच्या मुद्द्यावर गेलो. पोरगा गप्प बसला. पण त्याच्या शेजारचे त्याचे आजोबा, गावात त्यांना सगळे आबा म्हणतात, ते गप्प बसले नाहीत. "खोटं आहे तर मीटर वाजतो कसा?" एवढेच विचारले त्यांनी. माझ्यापाशी उत्तर नव्हते. पदविकेला आम्हाला पालाश शिकवला. तो कमी पडला की पानाच्या कडा का करपतात, फण्या का पोसत नाहीत, ते सगळे शिकवले. मीटर का वाजतो ते कोणी शिकवले नव्हते, आणि आम्हीही कधी विचारले नव्हते.

घरी येऊन पुस्तके काढली, जाणकारांना विचारले. तेव्हा कळले की चित्रफितीतला मीटर खरा होता. पोटॅश किरणोत्सारी आहे. केळेही आहे. हे लिहिणारा मी आहे आणि वाचणारे तुम्हीही आहात. खोटा होता तो फक्त खालचा मजकूर. पारावर मी खऱ्याला खोटे म्हटले आणि त्यामुळे खोट्याला बळ मिळाले. ती चूक दुरुस्त करायची म्हणून हा लेख.

मीटर का वाजतो?

आपण ज्याला पालाश म्हणतो त्याचे मूळ पोटॅशियम हे मूलद्रव्य. जगात जिथे जिथे पोटॅशियम आहे, मग ते डोंगरात असो, समुद्राच्या पाण्यात असो, की गोठ्यातल्या शेणात असो, तिथे त्याच्या दर दहा हजार अणूंमागे एखादा अणू जरा वेगळा असतो. त्याला पोटॅशियम-४० म्हणतात. हा अणू कायमचा टिकत नाही. कधीतरी तो आपोआप फुटतो आणि फुटताना किरण सोडतो. कोणत्या क्षणी फुटेल ते सांगता येत नाही. पण असे मूठभर अणू घेतले तर त्यातले निम्मे फुटायला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. म्हणजे पृथ्वी घडली तेव्हाच हे अणू तिच्यात होते आणि त्यातले उरलेले आजही सावकाश फुटत आहेत. कोणत्या कारखान्यात हे कोणी मिसळलेले नाही.

असा एक अणू एका सेकंदाला फुटला तर त्याला एक बेक्वेरेल म्हणायचे. हेन्री बेक्वेरेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये किरणोत्सर्ग शोधला, त्याचे हे नाव. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला सुमारे ३१ अणू फुटतात. म्हणजे ३१ बेक्वेरेल. एवढा एक आकडा लक्षात ठेवा, बाकी हिशेब तुमचा तुम्हाला करता येईल.

आता गोणीचे पाहू. पन्नास किलोच्या म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोणीत निव्वळ पोटॅशियम साधारण पंचवीस किलो भरते. पंचवीस हजार ग्रॅम गुणिले ३१, म्हणजे पावणेआठ लाख. एवढे अणू त्या गोणीत दर सेकंदाला फुटत असतात. मीटर वाजणार नाही तर काय होईल? आणि गोणी लाल आहे म्हणून वाजते असेही नाही. तो लाल रंग लोहाचा आहे. पांढरे पोटॅश आणून ठेवा, मीटर तसाच वाजेल.

ताटातला हिशेब

पावणेआठ लाख हा आकडा ऐकून छातीत धस्स होते, मला ठाऊक आहे. म्हणून आता गोणी बाजूला ठेवू आणि ताटाकडे वळू.

मध्यम आकाराच्या एका केळ्यात चारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. म्हणजे बारा-तेरा बेक्वेरेल. बदनाम झाले ते केळे. पण तुमच्या रोजच्या जेवणाचे काय? शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत जवळपास एक ग्रॅम चारशे मिलिग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे त्रेचाळीस बेक्वेरेल. तीसेक ग्रॅम डाळीचे वाटीभर वरण होते, असे धरले तर वाटीभर वरण आणि एक केळे यांचा हिशेब सारखाच निघतो. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी म्हणजे अकरा. शंभर ग्रॅम बटाटा म्हणजे तेरा. पेलाभर दूध नऊ-दहा. पेलाभर शहाळ्याचे पाणी केळ्याहून जास्त, अठराच्या पुढे. दोन भाकरी, वाटीभर वरण, वांग्याचे भरीत आणि वर पेलाभर दूध, असे आपले साधे रात्रीचे जेवण झाले की साठच्या घरात बेक्वेरेल पोटात गेले. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर दळलेल्या दादरच्या भाकरीतही ते होतेच. तेव्हा खताच्या गोणीचे नावही गावात नव्हते.

अंगणवाडीताईंसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. लेकराला जुलाब लागले की आपण पाकीट फोडून ओआरएसचे पाणी देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे त्या एक लिटर पाण्यात दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड असते. खताच्या गोणीत जो क्षार आहे तोच हा क्षार, फक्त औषधासाठी शुद्ध केलेला. (म्हणून कोणी खत चाखून बघू नये. खताच्या गोणीत इतर घाण असते आणि पोटॅश जास्त पोटात गेले तर जिवावर बेतते.) पोटॅशियम शरीरातून गेले तर स्नायू ढिले पडतात, हृदयाचे ठोके चुकतात, म्हणून ते परत द्यावे लागते. लेकराला केळे देऊ नका म्हणणाऱ्यांना हे विचारा की ओआरएसही बंद करायचे का?

शरीराचा सांडवा

"पण साहेब, रोज थोडं थोडं साठत गेलं तर?" हा प्रश्न मला पुढे दोन-तीन गावांत विचारला गेला. प्रश्न रास्त आहे, आणि सगळ्या विषयाची किल्ली त्याच्या उत्तरात आहे.

आपल्या गावचा पाझर तलाव डोळ्यांपुढे आणा. पाऊस कितीही पडो, सांडव्याच्या वर पाणी चढत नाही. जास्तीचे सांडव्यावरून निघून जाते. पोटॅशियमच्या बाबतीत आपले शरीर तसेच चालते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात साधारण १२० ग्रॅम पोटॅशियम असते. तुम्ही एक केळे खा की सहा खा, मूत्रपिंड जास्तीचे पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतात आणि पातळी होती तिथेच राहते. कमी खाल्ले तर शरीर ते धरून ठेवते. म्हणजे केळी खाणाऱ्याच्या आणि न खाणाऱ्याच्या अंगातले पोटॅशियम-४० जवळपास सारखेच असते.

त्या १२० ग्रॅमचा हिशेब केला तर तुमच्या अंगात या क्षणी, हा पेपर वाचताना, दर सेकंदाला साडेतीन हजारांहून जास्त अणू फुटत आहेत. त्यात कार्बन-१४ नावाच्या दुसऱ्या नैसर्गिक अणूचे आणखी तीन हजार मिळवा. ही काही आजची गोष्ट नाही. माणूस जन्माला आला तेव्हापासूनची आहे.

ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत त्यांचा सांडवाच तुंबलेला असतो. म्हणून डॉक्टर त्यांना केळी, शहाळे, डाळी यांवर बंधन घालतात. ते पथ्य पोटॅशियम रक्तात वाढून हृदयाला त्रास होऊ नये म्हणून असते, किरणांचा त्यात संबंध नाही. घरात असा रुग्ण असेल तर डॉक्टरांचेच ऐकावे, माझे किंवा मोबाईलचे नाही.

किती आणि कशातून

किती अणू फुटले यावरून शरीराला किती मार बसला ते कळत नाही. पावसाचे थेंब मोजणे वेगळे आणि आपण किती भिजलो ते पाहणे वेगळे. भिजण्याचे माप म्हणजे मिलिसिव्हर्ट. संयुक्त राष्ट्रांची एक शास्त्रीय समिती जगभरची मोजमापे गोळा करते. तिच्या हिशेबाने माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा हवेतल्या रेडॉन वायूचा. हा वायू जमिनीतून, दगडातून निघतो आणि बंद घरात कोंडतो. जमिनीतून थेट येणाऱ्या किरणांचे अर्धा मिलिसिव्हर्ट, आकाशातून येणाऱ्यांचे ०.४. आणि सगळे अन्नपाणी मिळून ०.३. त्यात पोटॅशियमचा वाटा ०.१७, बाकीचा युरेनियम-थोरियमच्या कुळातल्या पदार्थांचा. एका केळ्याचा वाटा काढायचाच म्हटला तर मिलिसिव्हर्टचा दहा हजारावा भाग निघतो, आणि सांडवा लक्षात घेतला तर तेवढाही धरायचे कारण नाही. छातीचा एक एक्स-रे काढला तर ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट लागतात. पोटाचा सीटी स्कॅन केला तर आठ-दहा. म्हणजे डॉक्टरांना गरज नसताना "एकदा स्कॅन करूनच टाका" म्हणणारे आपले पाहुणे केळी विकणाऱ्यापेक्षा जास्त किरण वाटत असतात.

थोड्या किरणांनी काहीच होत नाही असे मी म्हणत नाही. जितकी टाळता येतील तितकी टाळावी, हाच जगभरचा नियम आहे. पण जे सगळ्यांच्या अंगात सारखेच आहे, आणि ज्याच्यावाचून हृदय चालत नाही, ते टाळायचे कसे? केळे सोडून सफरचंद खाल्ल्याने त्यात काडीचा फरक पडत नाही.

शेणखताची केळी 'रेडिएशनमुक्त' असतात का?

नसतात. असे सांगून चार पैसे जास्त घेणारे भेटतील, त्यांना हात जोडा. सेंद्रिय शेतीला माझा विरोध नाही, जमिनीसाठी शेणखत हवेच. पण शेणातले, राखेतले, कंपोस्टमधले आणि गोणीतले पोटॅशियम एकच आहे. दहा हजारांमागे एक हे प्रमाण सगळीकडे सारखे. पूर्वी परसात वेलींच्या बुडाशी चुलीतली राख टाकत, ती पोटॅशसाठीच. त्या राखेवर मीटर धरला असता तर तोही वाजला असता.

मग जमिनीचे काय? सालोसाल पोटॅश टाकून जमीन किरणोत्सारी होते का? हाही हिशेब करून टाकू. एका एकरात वरची वीतभर माती साधारण आठ लाख किलो भरते. जगातल्या मातीत किलोमागे सरासरी ४०० बेक्वेरेल पोटॅशियम-४० मुळातच असते. म्हणजे तुमच्या एकरभर मातीत एकतीस-बत्तीस कोटी बेक्वेरेल पहिल्यापासून आहेत. त्यात एका गोणीने भर पडते पावणेआठ लाखांची. अशा चारशे गोण्या टाकाल तेव्हा कुठे मातीतले प्रमाण दुप्पट होईल, आणि तेही एकही घड न कापता. प्रत्यक्षात पालाश घडाबरोबर शेताबाहेर जातो. म्हणूनच तर दरवर्षी टाकावा लागतो.

एक काळजी मात्र घ्या. गोण्या झोपायच्या खोलीत रचू नका, त्यांच्यावर अंथरूण टाकून झोपू नका. पोटॅशच्या मोठ्या थप्पीला चिकटून रोज रात्र काढण्यात शहाणपण नाही. खते आणि औषधे तशीही राहत्या घरात नकोत, हे आम्ही किती वर्षे सांगतोय.

फुकुशिमाच्या भातात पोटॅश

हे वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठलो. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी झाली, फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि सीझियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ आसपासच्या भातशेतीवर पडला. हा पदार्थ निसर्गातला नाही, अणुभट्टीतला आहे. त्यातल्या सीझियम-१३७ चे निम्मे अणू फुटायला तीस वर्षे लागतात.

सीझियमचा स्वभाव पोटॅशियमसारखा आहे. मातीत पालाश कमी असेल तर भाताची भुकेली मुळे त्याच्या जागी सीझियम उचलतात. पालाश भरपूर असेल तर मुळे पालाश घेतात आणि सीझियम मातीतच राहते. म्हणून तिथल्या कृषी खात्याने शेतकऱ्यांना भाताच्या शेतात पोटॅश टाकायला लावले. शंभर ग्रॅम मातीत पिकाला मिळणारा पालाश किमान पंचवीस मिलिग्रॅम असावा, असे लक्ष्य ठेवले. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर बेलारूसमध्येही हाच उपाय केला होता.

जपानने २०१२ पासून अन्नातल्या सीझियमची मर्यादा किलोला १०० बेक्वेरेल ठेवली आणि फुकुशिमातले भाताचे प्रत्येक पोते यंत्राखालून काढले. पहिल्या वर्षी सुमारे एक कोटी पोत्यांत ७१ पोती मर्यादेबाहेर निघाली. २०१५ च्या पिकापासून एकही नाही. नांगरट, माती हलवणे, इतरही उपाय त्यामागे होते, पण पोटॅशचा त्यात मोठा हात होता. आपल्याकडच्या चित्रफितीत जी गोणी खलनायक झाली आहे, तीच गोणी त्या शेतकऱ्यांनी किरणोत्सर्ग रोखायला वापरली.

कोणी चलाख माणूस इथे विचारेल की सीझियमला १०० ची मर्यादा, आणि तूरडाळीत किलोला चारशेच्या वर पोटॅशियम-४०, मग डाळीवर बंदी का नाही? त्याचे उत्तर असे की सीझियम हे वरून आलेले जास्तीचे ओझे आहे. ते जितके खाल तितके अंगात वाढते, त्याला सांडवा नाही. सारख्या बेक्वेरेलला शरीराला मारही पोटॅशियमच्या दुपटीने बसतो. म्हणून अपघातातून आलेल्या पदार्थांची तपासणी हवीच, तिथे ढिलाई चालत नाही. चेर्नोबिलनंतर आयर्लंडहून आलेल्या लोण्यावरून मुंबईत असाच वाद झाला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि लोणी खायला धोक्याचे नाही असा निर्वाळा तिने दिल्यावर १९८८ मध्ये ते मिटले. लोकांनी प्रश्न विचारला, मोजमाप झाले, उत्तर मिळाले. हीच रीत बरी.

आबांची बाग

आता आबांकडे येतो. बैठकीनंतर आठवड्याने त्यांच्या शेतात गेलो. तेव्हा कळले की चित्रफीत त्यांनी पारावर पहिल्यांदा पाहिलेली नव्हती. आदल्या हंगामातच पाहिली होती आणि बागेला पालाशाचा एकही हप्ता दिला नव्हता. "महाग झालं होतं, त्यात हे ऐकलं, म्हटलं जाऊ दे," ते म्हणाले. मला राग आला नाही. गोणी सतराशे रुपयांच्या घरात गेलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. वाचवायला कारण शोधणाऱ्या माणसाला अफवा लवकर पटते.

पण नुकसान व्हायचे ते झाले. खालची जुनी पाने शेंड्याकडून पिवळी-नारिंगी होऊन वाळली, मोडून खोडाला लोंबली. घड निसवले खरे, पण केळी बारीक, फण्या रिकाम्या रिकाम्या. व्यापाऱ्याने भावात कापले, आणि काही घड तर घेतलेच नाहीत. पीलबागेत गेलो तर तिथेही पानांची तीच गत. केळीला पालाश किती लागतो? आपल्याकडची शिफारस झाडामागे २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश अशी आहे. दोनशे ग्रॅम पालाशासाठी झाडामागे सुमारे ३३३ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश लागते. पंधराशे झाडांना दहा गोण्या. नत्राइतकाच पालाश खाणारे हे पीक. त्याचा पालाश बंद करणे म्हणजे दुभत्या म्हशीची पेंड बंद करून चरवीकडे बघत बसणे.

आबांच्या सुनेनेही त्या दिवशी विचारले, "धाकट्याला केळं देऊ का नको?" वर्षभर त्या घरात लेकराला केळे दिले नव्हते. पोटात घड वाढवणाऱ्या बागेच्या बांधावर राहून! पीक गेले त्याचे पैसे मोजता येतात. हे कशात मोजायचे?

आणखी काही प्रश्न

लासलगावच्या कांद्याचे बऱ्याच जणांनी विचारले. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या 'कृषक' केंद्रात २००२ पासून शेतमालाला गॅमा किरण देतात. कांद्याला कोंब येऊ नये म्हणून देतात. आंब्याला दिले की त्यातली कीड संपते, आणि २००७ मध्ये आपला हापूस अमेरिकेला जाऊ लागला तो त्यामुळेच. किरण कोबाल्ट-६० मधून येतात, पण कोबाल्ट मालाला लागत नाही. किरण आरपार जातात आणि संपतात. उन्हात वाळवलेल्या मिरचीतून रात्री ऊन बाहेर पडत नाही, तसेच हे. असा कांदा किरणोत्सारी होत नाही.

समुद्राच्या मासळीत, विशेषतः शिंपल्यांत, पोलोनियम-२१० हा नैसर्गिक पदार्थ धान्यापेक्षा जास्त असतो. कोकणातली माणसे पिढ्यान् पिढ्या ती खात आली आहेत. केरळच्या करुनागप्पळ्ळी किनाऱ्यावर तर वाळूतच थोरियम आहे आणि तिथल्या जमिनीतून येणारे किरण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. तिथल्या सुमारे ७० हजार लोकांची दहा वर्षांवर नोंद ठेवून २००९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या किरणांमुळे कर्करोग वाढल्याचे त्यात दिसले नाही. आपला काळा पाषाण त्या मानाने फार सौम्य आहे.

हाच पोलोनियम तंबाखूच्या चिकट पानावरही बसतो आणि विडी ओढली की धुराबरोबर थेट फुप्फुसात जातो. तिथे सांडवा नाही. मला केळीचा जाब विचारणाऱ्या एका काकांच्या बोटांत विडी होती. वयाने मोठे, म्हणून तिथे बोललो नाही, इथे लिहितो. काका, मीटर लावायचा तर तिथे लावा. तंबाखूत इतर विषेही पुष्कळ आहेत, चघळणाऱ्यांनाही सुटका नाही.

ग्रामपंचायतीने लक्ष घालावे अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे पिण्याचे पाणी. काही भागांत खोल बोअरच्या पाण्यात खडकातले युरेनियम उतरते. त्याचा त्रास मूत्रपिंडाला होतो, आणि तो किरणांपेक्षा त्या धातूच्या विषारीपणाचा असतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमपर्यंत ते चालते. ग्रॅनाइटसारख्या खडकांच्या भागात हा प्रश्न जास्त येतो. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवताना नायट्रेट आणि फ्लोराईडबरोबर याचीही तपासणी होते का ते विचारून घ्यावे. आणि घराच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या, म्हणजे रेडॉन कोंडत नाही. याला पैसाही लागत नाही.

कांदेबागेच्या लागवडीआधी आबांनी मातीचा नमुना दिला. मी स्वतः तो बांधून घेतला. अहवाल आल्यावर पालाशाचे हप्ते ठरवून दिले, ठिबकमधून थोडे थोडे द्यायचे म्हणजे पैसाही वाया जात नाही. पहिला हप्ता गेला त्या दिवशी मी तिथेच होतो. नातू म्हणाला, "साहेब, कॉलेजात सरांकडे मीटर आहे, आणू का? आजीच्या चुलीतली राख वाजते का बघू." मी म्हटले, आण. राख, गोणी, तूरडाळ आणि आबा, सगळ्यांवर धरून बघू. बैठक पुन्हा पारावरच लावायची ठरली आहे.